क्रिकेटपटू पालवणकर बाळू

मलकापुराहून आंबा घाट उतरला की कोकण लागते. तेथून आलेल्या एका चर्मकार कुटुंबात पालवणकर बाळू ह्यांचा जन्म सन १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर ते मैदान राखीत व साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांस घेतले. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांस बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. सन १९११ च्या विलायत दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले, तरी जातीमुळे हिंदू संघाचे नायकपद त्यांस दिले गेले नाही. सन १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाले. बाळू सन १९५५ मध्ये निवर्तले.