पावतीवरची सही

बँकेत असताना नोट हाती आली की माझी नजर आधी सहीकडे जाई. १९४३ साली चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्याच सालच्या, चेक मुलखातल्या तेरेझिन ज्यू-छावणीच्या नोटांवर याकोब एडेलश्टाइन यांची सही आहे.

१९४१च्या अखेरीस नाझींनी त्यांना तिथल्या ज्यूंचे प्रमुख नेमले. माणसे कामाला लावली तर मृत्यूच्या गाड्या टळतील, हा त्यांचा हिशेब. नोटेवर रक्कम देण्याचे वचन नाहीच. तिचे नाव ‘पावती’. बनावट करणाऱ्याला मात्र कडक शिक्षेची ताकीद!

पुढे काहींना वाचवण्यासाठी छावणीच्या दप्तरात खोट्या नोंदी केल्याच्या आरोपावरून एडेलश्टाइनच पकडले गेले. लेजरमधली खोटी नोंद मी कधीच माफ केली नसती. ही केली असती. २० जून १९४४ला आउश्वित्झमध्ये त्यांच्यादेखत पत्नीला आणि कोवळ्या मुलाला गोळ्या घातल्या. मग त्यांना.