संघात पहिलं नाव त्यांचं असायचं, पण कॅप्टन कधीच केलं नाही : बाळू पालवणकर

अमेरिकेत बेसबॉलची ऑल-स्टार मॅच असते. दोन लीगमधले निवडक खेळाडू एका दिवसापुरते एकमेकांसमोर उभे राहतात. पहिली मॅच १९३३ साली शिकागोत झाली आणि बेब रूथने त्यात होमरन मारला. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंना आपली वेगळी ऑल-स्टार मॅच भरवावी लागली. कारण मोठ्या लीगमध्ये त्यांना प्रवेशच नव्हता.

आपल्या मुंबईत असा निवडक खेळाडूंचा सामना त्याच्या कितीतरी आधीपासून रंगायचा. फक्त इथे संघ धर्मावर पाडलेले होते. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ ला हिंदू आले, १९१२ ला मुस्लिम आले आणि स्पर्धा चौरंगी झाली. गावोगावचे उत्तम खेळाडू या संघांत यायचे.

हिंदूंच्या संघातला सगळ्यात भारी बोलर होता बाळू पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातलं पालवण, जात चांभार.

वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे घर पुण्यात. बाळू आधी पारशांच्या क्लबात झाडलोट करायचा आणि पिचवर रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. मग पूना क्लबात गेला, तिथे ४ झाले. जाळी लावणं, पिच तयार करणं आणि साहेबांना सरावासाठी बोलिंग टाकणं हे काम. बॅटिंग मात्र त्याला मिळायची नाही. कॅप्टन ग्रेगसारख्या तगड्या बॅट्समनला तासन्‌तास बोलिंग टाकून डावखुऱ्या स्पिनवर त्याचा हात बसला.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला घेतलं. मैदानावर सगळे त्याने टाकलेला चेंडू हातात घ्यायचे. चहाची वेळ झाली की मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या ८ विकेट होत्या. धाकटे भाऊ शिवरामही त्याच संघात होते.

१९११ ला पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला, त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचाही सहभाग होता.

आता एवढा खेळाडू कॅप्टन व्हायलाच हवा होता. तो झाला नाही. दरवर्षी नाव चर्चेत यायचं आणि कॅप्टन दुसराच व्हायचा. १९२० मध्ये तर एका सामन्यात त्यांना संघातूनच वगळलं आणि कप्तानी ज्येष्ठ असलेल्या पालवणकरांपैकी कुणालाच दिली नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी बॅट खाली ठेवली, खेळणार नाही म्हणून जाहीर केलं. लोकांत ओरड झाली. पुढच्या सामन्याला बाळू उपकर्णधार झाले आणि कर्णधार पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे नेतृत्व बाळूंकडे यावं. बाळूंची कप्तानी काय ती तेवढीच.

तीन वर्षांनी, १९२३ ला विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले आणि स्पर्धा जिंकली.

बाळूंनी राजकारणातही नशीब आजमावलं. १९३७ ला काँग्रेसने त्यांना उभं केलं, समोर साक्षात आंबेडकर. निवडणूक चुरशीची झाली आणि बाळू दोनेक हजार मतांनी हरले.

४ जुलै १९५५ ला त्यांचं निधन झालं. तोवर ती धर्मावर पाडलेली स्पर्धा बंद होऊन दहाएक वर्षं झाली होती.