बंगालीत लिहिणारे मराठी लेखक : सखाराम गणेश देउस्कर

 सखाराम गणेश देउस्कर मराठी होते, पण त्यांनी पुस्तके लिहिली बंगालीत. आहे ना नवल?

सखाराम गणेश देउस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातले. त्यांचे पूर्वज पोटापाण्यासाठी दूर बंगालकडे गेले आणि तिथेच राहिले. सखारामांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी देवघरजवळच्या करौं या खेड्यात झाला. हे गाव आज झारखंड राज्यात आहे. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. मग विधवा आत्याने त्यांना वाढवले. घरात आत्याची मराठी अन् बाहेर सगळी बंगाली! सखाराम दोन्ही भाषा शिकले.

त्या काळी बंगालात मराठ्यांचे नाव काढले की लोक घाबरायचे. त्याला कारणही होते. सन १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालात लूटमार केली होती. बारगीर या शब्दावरून लोक त्यांना बर्गी म्हणत. बर्गी आले म्हणून आया लेकरांना निजवत असत. अशा मुलखात मराठी माणसाने आपलेपणा कसा मिळवायचा?

सखारामांनी तो लेखणीने मिळवला. शिकून ते देवघरच्या शाळेत मास्तर झाले. पण गोऱ्या मॅजिस्ट्रेटविरुद्ध लेख लिहिला म्हणून नोकरी गेली. मग ते कलकत्त्यास आले व 'हितवादी' पत्रात मुद्रिते तपासू लागले. पुढे त्याच पत्राचे ते संपादक झाले. शिवाजी महाराज खरे कसे होते, हे त्यांनी बंगाली वाचकांना बंगालीतच सांगितले. १९०२ साली कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९०४ साली रवींद्रनाथ टागोरांनी महाराजांवर कविता लिहिली, ती सखारामांच्याच पुस्तिकेसाठी. बर्गीला भिणारा बंगाल शिवरायांचा उत्सव करू लागला!

त्याच वर्षी त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक निघाले. इंग्रजी राज्यात आपला शेतकरी आणि विणकर कसा नागवला गेला, ते त्यांनी आकडे देऊन दाखवले. पुस्तक हातोहात खपले. १९१० साली सरकारने ते जप्त केले. त्याआधी सुरतेच्या काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहा असे मालकाने सांगितले, तर सखारामांनी संपादकपदच सोडले. घरची गरिबी होती, पण वाकले नाहीत.

२३ नोव्हेंबर १९१२ रोजी करौं येथे ते वारले. वयाची ४३ वर्षेही पुरी झाली नव्हती.

सखारामांनी मराठी टाकली नाही आणि बंगाली परकी मानली नाही. आपल्या वर्गात कुणी परमुलखातून आलं, वेगळी भाषा बोललं, तर त्याला हसू नये. त्याचे दोन शब्द आपण शिकावेत, आपले दोन त्याला शिकवावेत.

अशा या थोर लेखकाला माझे शतशः प्रणाम!