कोका-कोलाचं नाव ज्या वळणात लिहिलंय, त्यामागं दारू सोडलेला एक मास्तर आहे

कोका-कोलाची बाटली डोळ्यांसमोर आणा. लाल रंगावर पांढरी, तिरकी, लांब शेपट्यांची इंग्रजी अक्षरं. लग्नपत्रिका छापायला गेलं की डिझायनर जे झोकदार फॉन्ट दाखवतो, त्यातले बरेच याच वळणाचे असतात.

हे वळण कॉम्प्युटरवर जन्मलेलं नाही. ते घडवलं अमेरिकेतल्या प्लॅट रॉजर्स स्पेन्सरनं.

१८०० साली न्यूयॉर्क राज्यात त्याचा जन्म झाला. वडील लवकर गेले आणि कुटुंब ओहायोतल्या नव्या वस्तीत राहायला गेलं. तिथं कागद मिळणं मुश्कील. पण पोराला अक्षरांचं वेड. मग तो झाडाच्या सालीवर, बर्फावर, एरी सरोवराच्या वाळूवर गिरवत बसायचा. तिथल्या गुळगुळीत गोट्यांवरून आणि लाटांवरून त्याला अक्षरांचा लंबगोल आकार सुचला, असं सांगितलं जातं.

तेव्हा टाइपरायटर नव्हते. बिलं, खतावण्या, पत्रं सगळं हातानं लिहायचं. म्हणजे अक्षर चांगलं तर नोकरी पक्की. स्पेन्सरनं नुसत्या बोटांनी नाही, तर अख्खा हात फिरवून लिहायला शिकवलं. टोकदार निबवर जोर दिला की रेघ जाड, सोडला की बारीक. अक्षर देखणं दिसायचं आणि लिहिणंही भरभर व्हायचं.

पण तरुणपणी गडी दारूच्या आहारी गेला. एवढी कला हातात असून सगळं वाया जायची वेळ आली होती. तिशी ओलांडल्यावर त्यानं दारू सोडली, ती कायमची. पुढं तो दारूबंदीचा प्रचार करू लागला. लोकांचा विश्वास एवढा बसला की त्यानं १२ वर्षं ॲश्टाब्यूला काउंटीचा खजिनदार म्हणून काम केलं. जिनिव्हा गावातल्या शेतावर, लाकडी ओंडक्यांच्या खोलीत तो अक्षराचे वर्ग घ्यायचा. १८४८ साली व्हिक्टर राइससोबत त्यानं कित्त्याची पुस्तकं काढली.

१६ मे १८६४ रोजी तो गेला. पुढं त्याच्या मुलांनी नवीन पुस्तकं काढून हे वळण देशभरातल्या शाळांत पोचवलं.

आता या १८८६ च्या अटलांटात. तिथं दारूबंदी लागू होणार होती. जॉन पेम्बर्टन या औषधवाल्याच्या टॉनिकमध्ये वाईन असायची. म्हणून त्यानं वाईन काढून नवं पेय बनवलं. त्याला नाव सुचवलं त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यानं, आणि ते लिहिलंही त्यानंच, स्पेन्सरच्या वळणात.

पुढं टाइपरायटर आला, पामर यांची साधी सोपी पद्धत आली आणि शाळांतून स्पेन्सरचे कित्ते हद्दपार झाले. लोगो मात्र टिकला.

दारू सोडलेल्या मास्तरचं अक्षर, त्याच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी, दारूबंदीमुळं जन्मलेल्या पेयावर जाऊन बसलं. ते बघायला तो नव्हता. आपण मात्र ते रोज बघतो.