तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर
(द्वितीय वर्ष, कला)

तमाशा हा शब्द आपल्या घरांतून दोन अर्थांनी वावरतो. जत्रेत लोक जो पाहायला जातात तो एक तमाशा. आणि शेजाऱ्यांच्या देखत घरात भांडण पेटले की ज्याचे नाव घेऊन मोठी माणसे आपल्याला गप्प करतात तो दुसरा. ज्या कलेचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, त्याच कलेतील एका स्त्रीचा देशाच्या राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला. हे कोडे गेले वर्षभर माझ्या मनात घोळत आहे. त्या स्त्रीचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांचा जन्म आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला. म्हणूनही या अंकात त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

विठाबाई जन्मल्या पंढरपुरात, १९३५ सालच्या जुलै महिन्यात. पंढरीत जन्मलेल्या मुलीचे नाव विठा, हे किती साहजिक! घराणे मात्र पुणे जिल्ह्यातले. आजोबा नारायण खुडे हे शिरूर तालुक्यातील कवठे यमाईचे. त्यांनी तमाशाचा फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे नाव गावोगावच्या जत्रांत दुमदुमू लागले. जुन्नर तालुक्यातील नारायणगावला आज तमाशाची पंढरी म्हणतात. पंढरपुरात जन्म आणि या दुसऱ्या पंढरीत कर्म, असे विठाबाईंचे आयुष्य आहे.

शाळेत त्यांचे मन रमले नाही. त्यांची खरी शाळा म्हणजे फड. गण, गवळण, लावणी, भेदिक हे सारे त्यांच्या कानावर लहानपणापासून पडत होते. आधी गणाने देवाला वंदन, मग गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची थट्टामस्करी, मग बतावणी, रंगलेल्या लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारे वगनाट्य, असा ढोलकीच्या तमाशाचा क्रम. वगात गायचे, नाचायचे आणि समोरच्याला हजरजबाबीपणे उत्तरही द्यायचे. लिहिलेले संवाद पाठ करून हे भागत नाही. विठाबाई अगदी कोवळ्या वयात रंगमंचावर आल्या आणि तेथे सहज वावरू लागल्या. पुढे लोकांनीच त्यांना तमाशासम्राज्ञी म्हटले.

त्यांच्या नावाकडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. फडाच्या फलकावर जातीचे नाव स्पष्ट लिहिलेले असे. जे नाव गावाने वेशीबाहेर ठेवले, तेच नाव मोठ्या अक्षरांत रंगवून हा फड वेशीतून गावात येई, आणि गाव तिकीट काढून समोर बसे. खेळ संपल्यावर मात्र पुन्हा तेच अंतर. टाळी द्यायची, पण पाणी द्यायचे नाही, असा हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. आपल्या सोलापूरचे राम जोशी पेशवाईच्या उत्तरकाळात घरची पोथी सोडून लावणीच्या नादी लागले, तेव्हा त्यांनाही घर सोडावे लागले होते. उच्च जातीच्या पुरुषाची ही गत, तर फडात जन्मलेल्या मुलीची काय कथा!

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने तमाशा अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली होती. कलावंतांनी दाद मागितली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली, आणि वगांच्या संहिता तपासून घेण्याची अट पुढे आली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९५७ या सालाचे महत्त्व कळते. त्या वर्षी विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. राजेंद्रप्रसाद तेव्हा राष्ट्रपती होते. विठाबाईंचे वय अवघे बावीस. जी कला सरकारला काही वर्षांपूर्वी नकोशी होती, तिच्याच एका तरुण कलावतीचा आता सरकारदरबारी सन्मान झाला. कला तीच होती, ढोलकी तीच होती, समोर जमिनीवर बसणारा कष्टकरी प्रेक्षकही तोच होता. बदलली होती ती वरून पाहणाऱ्यांची नजर.

पुढे ही नजर आणखी निवळत गेली. 'गाढवाचं लग्न' गाजवणारे दादू इंदुरीकर यांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच दशकात लावणीसाठी यमुनाबाई वाईकर यांना अकादमीने गौरवले, आणि २०१२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली.

परंतु पुरस्काराने फडाचा संसार चालत नाही. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातील जत्रांपर्यंत चालतो. पावसाळ्याचे महिने कमाई नाही. हंगामाच्या तोंडी कलावंतांना उचल द्यायची, त्यासाठी कर्ज काढायचे, गाड्या, तंबू आणि माणसे घेऊन रोज नवे गाव गाठायचे. एका अवकाळी पावसाने रात्रीचा खेळ बुडाला तरी माणसांच्या पोटाला घालावेच लागते. फडमालकीण होणे म्हणजे रोज एक गाव पोसण्यासारखे आहे.

विठाबाईंच्या आयुष्यातील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, तेथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहण्याची तयारी केली. त्यांचे रिकामे पोट पाहून प्रेक्षक चकित झाले, त्यांनी चौकशी केली, आणि खरा प्रकार कळताच आदराने खेळ थांबवला.

हा प्रसंग लोक विठाबाईंच्या धैर्याचा म्हणून सांगतात, आणि ते खरेच आहे. मी तो माझ्या आईला सांगितला. माझी आई विड्या वळते. माझ्या जन्माच्या आदल्या दिवसापर्यंत ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने धैर्याबद्दल काही म्हटले नाही. ती एवढेच विचारत राहिली, की मग त्या वेळी बाळाला कुणी घेतले. मला वाटते, विठाबाईंना आईने माझ्यापेक्षा जास्त ओळखले. या प्रसंगात जेवढे कलेवरचे प्रेम आहे, तेवढीच पोटाची सक्तीही आहे. खेळ मोडला तर त्या रात्री फडातील माणसे खाणार काय, हा प्रश्न त्या दगडामागे उभा आहे. प्रेक्षकांनी खेळ थांबवला, ही त्या रात्रीची मोठी गोष्ट. कारण त्या क्षणी त्यांना नाचणारी बाई न दिसता बाळंतीण दिसली.

१९९० साली विठाबाईंना पुन्हा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मधल्या काळात सिनेमा आला, दूरदर्शन आले, जत्रेचे रूप पालटले. त्यांच्या मुली फडाच्या परंपरेत उभ्या राहिल्या. मंगला बनसोडे हे नाव तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पण दोन सन्मान मिळालेली ही स्त्री उतारवयात आर्थिक विवंचनेत राहिली. १५ जानेवारी २००२ रोजी, आपल्याकडे सिद्धेश्वरांची यात्रा भरते त्याच दिवसांत, त्यांचे निधन झाले. रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीतून भागवावे लागले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, गुलाब संगमनेरकर अशा कलावंतांना तो मिळाला. ज्यांच्या औषधपाण्याची सोय झाली नाही, त्यांचे नाव आज इतरांचा गौरव करण्याच्या कामी येते!

आमच्या जुळे सोलापुरात संध्याकाळी काही मुले मोकळ्या प्लॉटवर जमून रॅप करतात. येणारे-जाणारे त्यांना वाया गेलेली पोरे म्हणतात. रॅप ज्या हिप हॉपमधून आले ते १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीत जन्मले. ग्रॅमी पुरस्कारांत रॅपला वेगळी जागा मिळाली ती १९८९ साली. २०१८ साली केंड्रिक लामार या रॅपरला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोवर ते अभिजात आणि जॅझ संगीताच्या बाहेर कधी गेले नव्हते. ब्राँक्सच्या गल्लीपासून पुलित्झरपर्यंत पंचेचाळीस वर्षे लागली. त्या गाण्यात दम आहे हे गल्लीला पहिल्या दिवशीच ठाऊक होते. विठाबाईंच्या बाबतीतही जत्रेतल्या माणसाने आधी ओळखले, दिल्लीने नंतर. तेव्हा पुरस्कार कलेला मोठे करतो असे म्हणण्यापेक्षा, जे उशिरा आले त्यांच्यासाठी तो दार उघडतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पण दार अर्धेच उघडते. गेल्या गॅदरिंगमध्ये मी लावणी सादर केली. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मिळालेला कप बाबांनी रस्त्यावरून दिसेल असा खिडकीत ठेवला. पुढे चैत्रात जवळच्या एका गावी तमाशाचा फड आला, तेव्हा तो पाहायला जाऊ का असे मी विचारले, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लावणी चालते, ती जगवणाऱ्या बायका चालत नाहीत. बाबा एकटेच असे नाहीत. आपण सारेच थोडेफार असे आहोत. नऊवारी, नथ आणि घुंगरू आपण भाड्याने आणतो, तशी ही कलाही एका रात्रीपुरती भाड्याने आणतो आणि सकाळी परत करतो.

माझी एक साधी सूचना आहे. यापुढे आपल्या गॅदरिंगमध्ये लावणी सादर होईल तेव्हा निवेदकाने आधी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव घ्यावे, पूर्ण घ्यावे, मधला शब्द न गाळता. आणि त्या रात्री जमणाऱ्या वर्गणीतील काही भाग आपल्या जिल्ह्यातील एखाद्या वृद्ध तमाशा कलावंताच्या औषधासाठी वेगळा काढावा. रक्कम लहान असेल, पण ती बिल होण्याआधी पोचेल.