तबकडीतील गंधर्व

चित्रकाराचे चित्र त्याच्या मागे राहते, कवीची कविताही राहते. परंतु गायकाचा स्वर हवेत उमटतो आणि हवेतच विरून जातो. तानसेनाचा कंठ कसा होता, हे आज कोणासही सांगता येणार नाही. बालगंधर्वांचा कंठ मात्र आपणांस आजही ऐकता येतो. सपाट तबकडीवर ध्वनी उमटविण्याच्या आपल्या शोधाचे हक्क एमिल बर्लिनर या संशोधकाने १८८७ साली अमेरिकेत मिळविले. पुढच्याच वर्षी, २६ जून १८८८ रोजी, नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म झाला. हेच पुढे बालगंधर्व म्हणून विख्यात झाले. ते यंत्र आणि हा गायक जणू बरोबरीनेच वाढले.

राजहंसांचे घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. नारायणाच्या बालपणाचा काही काळ मात्र खानदेशात गेला. शिक्षणासाठी तो जळगावी नातेवाइकांकडे राहिला होता. तेथे मेहबूबखाँ यांनी त्यास संगीताचे पहिले धडे दिले. पुढे पुण्यास त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी कौतुकाने त्यास बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. तेच नाव सर्व महाराष्ट्राच्या तोंडी बसले.

नारायणास लहानपणी कानाचे दुखणे होते. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्याच्यावर उपचार करविले. त्यांच्याच प्रोत्साहनाने १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. नारायणरावांचे रूप देखणे, आवाज मधुर, आणि पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गुरू लाभलेला. तेव्हा त्यांच्या नायिका पाहण्यास लोकांची झुंबड उडू लागली.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. नेमकी त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी मरण पावली. नारायणरावांनी दुःख गिळले आणि ते भामिनीच्या वेषात रंगमंचावर उभे राहिले. ठरलेला प्रयोग त्यांनी चुकविला नाही.

१९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू या त्यांच्या भूमिका अजरामर झाल्या. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष अशी नामवंत मंडळी त्यांनी साथीस ठेवली होती. नाटकाच्या थाटमाटात कोठे उणे पडू नये, यासाठी ते पैशाकडे पाहत नसत. त्यामुळे मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याची वाट त्यांस खुली होती. ती त्यांनी धरली नाही. नाटके करून, घाम गाळून त्यांनी लोकांचे देणे फेडले.

नाटक मंडळ्या बहुधा मोठ्या शहरी मुक्काम करीत. धुळे-जळगाव मार्गावरील एरंडोलसारख्या गावी असा योग विरळाच. तेथील रसिकांपर्यंत गंधर्वांचा स्वर पोहोचविला तो तबकडीने. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणी मुद्रित करण्याचे काम कलकत्त्यास १९०२ साली सुरू झाले, आणि १९०८ पासून तबकड्या तेथेच तयार होऊ लागल्या. या तबकड्या लाखेपासून केलेल्या असत. ती लाख आपल्याच देशातील रानांत, झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळे.

ज्या घरी पहिलाच ग्रामोफोन घ्यावयाचा, तेथे मोठा विचार होई. कर्ण्याचे मोठे यंत्र घ्यावे की पेटीसारखे मिटणारे लहान यंत्र पुरे? जाणता माणूस बाहेरच्या दिमाखास भुलत नसे. एकदा चावी दिली की तबकडी शेवटापर्यंत एकाच गतीने फिरते काय, तिचे चाक डगमगत तर नाही ना, ध्वनिपेटीतून शब्द स्पष्ट उमटतात काय, हे तो आधी पाही. पोलादी सुई लवकर झिजे, म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावावी लागे. झिजलेली सुई तबकडीच खाऊन टाकी.

तबकडी एका मिनिटात सुमारे ७८ फेरे घेई आणि तिची एक बाजू साधारणपणे तीन मिनिटांत संपे. रंगमंचावर हे बंधन नव्हते. तेथे रसिकांच्या आग्रहाने नारायणराव तेच पद पुन्हा पुन्हा, नव्या नव्या ताना घेऊन गात. प्रयोग पहाटेपर्यंत चाले. तोच गायक तीन मिनिटांच्या चौकटीत आला, की त्यास पदाचा गाभा तेवढाच मांडावा लागे. विस्तार गेला, पण शब्दांचे लाघव आणि स्वरांची निर्मळता तेथेही उणी झाली नाही.

पुढे बोलपट आले आणि संगीत नाटकांस उतरती कळा लागली. १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात नारायणरावांनी संत एकनाथांची भूमिका केली; पण त्यांचे मन पडद्यावर रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला आणि १९६४ साली त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

त्यांचे रंगमंच आज राहिले नाहीत, प्रेक्षकही राहिले नाहीत. तबकड्या मात्र राहिल्या. परंतु त्यांचा खरा आवाज ऐकावयाचा तर यंत्रही योग्य हवे. अल्प किमतीची पुष्कळ नवी यंत्रे मिनिटास ३३⅓ व ४५ फेरेच घेतात. त्यांवर जुनी तबकडी लावली, तर गंधर्वांचा चढा स्वर खाली उतरतो आणि चाल रेंगाळते. म्हणून ७८ फेऱ्यांची सोय असलेले, आणि गती किंचित कमीजास्त करता येईल असे यंत्र निवडावे. जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यासाठी रुंद टोकाची वेगळी सुई लागते. तबकडी पुसण्यास स्पिरिट कधीही वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. याउलट, चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर नवी विनाइलची तबकडी ठेवू नये. त्याची जड पोलादी सुई तिच्या बारीक खाचा खरवडून टाकते.

ज्या जळगावी नारायणाने पहिले सूर गिरविले, तेथे आज त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरतो. कर्जात बुडतानाही ज्याने वचन मोडले नाही आणि दुःखातही सूर ढळू दिला नाही, त्या गायकाचा स्वर खऱ्या गतीनेच ऐकला जावा, एवढी काळजी तरी आपण घेतली पाहिजे.