बहिणाबाई चौधरी : कृषिचक्र आणि आत्मजाणीव

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळील आसोदे या गावी महाजनांच्या शेतकरी घराण्यात झाला. खानदेशातील काळ्या जमिनीत वर्षाची मोजदाद पंचांगाइतकीच शेतीच्या कामांवरून होत असे. आखाजी सरली की पेरणीपूर्व मशागत, मृगाबरोबर पेरणी, पुढे निंदणी, राखण, कापणी आणि शेवटी खळे, हा क्रम बहिणाबाईंच्या अंगवळणी बालपणीच पडला. अक्षरओळख त्यांना कधीच झाली नाही. ऋतुमान मात्र त्यांनी आयुष्यभर बारकाईने वाचले.

वयाच्या १३व्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी विवाह होऊन त्या मोठ्या एकत्र कुटुंबात आल्या. वयाच्या तिशीतच त्यांना वैधव्य आले. पदरी कन्या काशी आणि ओंकार व सोपान हे दोन पुत्र होते. ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. या आपत्तींनी शेतीचा क्रम थांबला नाही. नक्षत्र लागले की पेरणे आणि पीक तयार झाले की कापणे भागच होते. शोकासाठी वेगळा अवकाश न ठेवणाऱ्या या जीवनक्रमातच त्यांच्या आत्मचिंतनाला वाट मिळाली.

जात्यावर आणि शेतात काम करताना सुचणाऱ्या त्यांच्या गीतांत ऋतू हा पाहण्याचा विषय नाही. तो राबण्याचा काळ आहे. ‘पेरनी’मध्ये मातीआड गेलेल्या बियाण्यावरचा विश्वास आहे. ‘मन’ या गीतातील उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ जनावराची प्रतिमा राखणीच्या दिवसांतून आलेली आहे. पुन्हा पुन्हा हाकलूनही परतणाऱ्या जनावरात कवयित्रीला स्वतःच्याच मनाचे अनावरपण दिसते. कापणी आणि रगडणीनंतरच्या ‘उपननी’त वाऱ्याची आळवणी येते. अपार कष्ट करूनही धान्य आणि भूस वेगळे होण्यासाठी माणसाला वाऱ्यावर विसंबावे लागते. श्रमाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा यांचे भान येथे एकत्र येते.

बालकवी ठोंबरे (१८९० - १९१८) हेही याच परिसरातील धरणगावचे. त्यांच्या कवितेत निसर्गाचे सौंदर्य मनाच्या उल्हासाला आणि उदासीनतेला जागे करते, तर बहिणाबाईंच्या गीतांत ऋतू माणसाला कामाला लावतो आणि त्या कामातून विचार उमलतो. वैधव्याच्या अनुभवातून आलेल्या ‘लपे करमाची रेखा’ या गीतात त्या ज्योतिष्याला दारातून परत पाठवतात. नशिबाच्या रेषेपेक्षा हातातील कष्टाच्या बळावर त्यांचा भरवसा दिसतो. तथापि, निसर्गचक्राने त्यांचे दुःख निवारले, असा सरळ निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरणार नाही. पीक दरवर्षी नव्याने उगवते. गेलेले माणूस परतत नाही. हा भेद त्यांनी कोठेही झाकलेला नाही. ऋतूंनी त्यांना सांत्वनापेक्षा पुन्हा उभे राहण्याची शिस्त दिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ही गीते मौखिक असल्याने त्यांच्यावर रचनेच्या तारखा नाहीत. त्यामुळे एखादे गीत चरित्रातील विशिष्ट प्रसंगाशी जोडताना अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक आहे. त्यांचा अंतर्गत कालक्रम मात्र स्पष्ट आहे, आणि तो पेरणीपासून खळ्यापर्यंतचा आहे.

बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे झाले. पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलेली गीते आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने प्रसिद्ध झाली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. संग्रहात लेवा गणबोली कायम राहिली, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शेतीच्या प्रत्येक कामाला स्वतंत्र शब्द असणाऱ्या त्या बोलीशिवाय बहिणाबाईंचे ऋतुचिंतन आजच्या वाचकापर्यंत पोहोचलेच नसते.